कोंदणात बसण्याआधीचा हिरा

मावशीच्या अंगठीतला हिरा पाऊण कॅरेटचा आणि पांढराशुभ्र आहे, असं आमच्या घरात तीस वर्षं सांगितलं जात होतं. गेल्या दिवाळीत अंगठीचं सोनं झिजून खडा हलायला लागला, म्हणून ती नव्याने घडवायला सराफाकडे नेली. कारागिराने हिरा धरून ठेवणाऱ्या चारही नख्या उचकटल्या, ज्यांना पेढीवर प्राँग म्हणतात, आणि खडा चिमट्याने बाहेर काढला. स्पिरिटमध्ये धुतला, पुसला आणि घडी घातलेल्या पांढऱ्या कागदाच्या खाचेत पालथा ठेवला. वरून बघताना कधी न दिसलेली झाक तेव्हा दिसली, गाईच्या तुपाची असते तशी फिकट पिवळी. भिंगाखाली कडेला एक बारीकसा टवका उडालेला दिसला, नेमका एका नखीच्या खाली. वजनकाट्यावर आकडा आला ०.६६.

मावशी थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी दुसराच हिरा घालत होते?"

हिरा तोच होता. तो मोकळा मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता.

हे फक्त आपल्या घरगुती अंगठ्यांचं होतं असं नाही. गोवळकोंड्याच्या खाणींतून फ्रान्सच्या राजाकडे गेलेला आणि आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात असलेला निळा 'होप' हिरा घ्या. त्याचं वजन वर्षानुवर्षं ४४.५ कॅरेट असं सांगितलं जात होतं. १९७४ मध्ये तो कोंदणातून काढून तोलला, तेव्हा तो ४५.५२ कॅरेट भरला. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध हिऱ्यांपैकी एकाच्या वजनात एका कॅरेटहून जास्त फरक!

कारण साधं आहे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. (सोन्याचा कॅरेट वेगळा. तो शुद्धतेचा, चोवीस भागांपैकी किती भाग सोनं ते सांगणारा. मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे '१८ कॅरेटची अंगठी' ऐकून अनेकांचा गोंधळ होतो.) बसवलेला हिरा तोलता येत नाही, त्यामुळे त्याच्या वजनाचा अंदाज मापांवरून करतात. गोल हिऱ्यासाठी मिलिमीटरमधला व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ०.००६१. व्यास ६.५ आणि खोली ४.० असेल तर उत्तर येतं १.०३ कॅरेट. पण खोलीच मोजायला कोंदण आड येतं. तिथे ०.२ मिलिमीटरची चूक झाली, खोली खरी ३.८ निघाली, तर तोच हिरा ०.९८ चा होतो. बाजारात एक कॅरेटची रेषा ओलांडली की प्रति कॅरेट भावच एकदम उडी मारतो, म्हणून हा केसाएवढा फरक भलताच महाग पडू शकतो.

रंगाचं तर याहून अवघड. बहुतेक हिऱ्यांमधला पिवळेपणा नायट्रोजनमुळे येतो. कार्बनच्या जाळीत काही ठिकाणी नायट्रोजनचे अणू बसलेले असतात, ते प्रकाशातला निळा-जांभळा भाग शोषतात आणि उरलेला प्रकाश आपल्याला पिवळसर दिसतो. १९३१ साली स्थापन झालेल्या जीआयए या अमेरिकी संस्थेची 'डी' ते 'झेड' ही रंगश्रेणी आज जगभर वापरतात. डी म्हणजे रंगहीन, आणि पुढे जावं तसा रंग चढत जातो. ही पारख करताना हिरा पालथा ठेवून बाजूने पाहतात, कारण वरून त्याची चमक डोळ्याला रंग ओळखूच देत नाही. अंगठीत तर हिरा कायम सुलटाच असतो, आणि शिवाय भोवतालचं सोनं त्यात प्रतिबिंबित होतं. पिवळ्या सोन्यात डी रंगाच्या खड्यालाही पिवळी झाक चढते. म्हणूनच जीआयए बसवलेल्या हिऱ्याला प्रत देतच नाही. काही प्रयोगशाळा तयार दागिन्याचाही अहवाल देतात, पण त्यात 'बसवलेल्या स्थितीत जितकं तपासता आलं तितकं' अशा अर्थाची एक ओळ असते. ती ओळ जरूर वाचावी.

आता चमकेकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त भुरळ घालतं ते हेच.

प्रकाश हिऱ्यात शिरताना खूप वाकतो. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, २.४२ आहे, साध्या काचेचा सुमारे १.५. याचा परिणाम असा, की आतून बाहेर निघू पाहणारा किरण पृष्ठभागाच्या लंबाशी २४.४ अंशांपेक्षा जास्त तिरपा असेल, तर तो बाहेर पडूच शकत नाही, पूर्णच्या पूर्ण आत परततो. काचेसाठी हाच कोन ४१-४२ अंशांचा. म्हणजे हिऱ्यातून निसटायची वाट फार अरुंद आहे. पैलू पाडणारा कारागीर या अरुंद वाटेचाच उपयोग करतो. बेल्जियन अभियंते मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली गणित मांडून दाखवलं, की गोल हिऱ्याच्या खालच्या पैलूंचा उतार ४०.७५ अंशांच्या आसपास असावा. वरून सरळ शिरलेला किरण तळाच्या एका पैलूवर आपटतो, समोरच्या पैलूवर उडतो आणि पुन्हा वरून तुमच्या डोळ्यांत येतो. उतार फार कमी किंवा फार जास्त झाला तर प्रकाश खालून गळतो आणि खडा मधोमध मेलेला दिसतो.

म्हणजे चांगल्या पैलूंचा हिरा मुख्यतः वरूनच प्रकाश घेतो. 'अंगठी मागून उघडी ठेवा, उजेड येईल' हे पेढीवर हमखास ऐकू येणारं वाक्य त्यामुळे पुरतं खरं नाही. मागची बाजू उघडी हवी, पण ती धुण्यासाठी. हिऱ्याला तेलाचं विलक्षण आकर्षण आहे. खाणींत तर चरबी फासलेल्या पाटांवरून पाणी आणि खडी सोडून हिरे वेचत, दगड वाहून जात आणि हिरे चिकटून राहत. कणीक मळताना, केसांना तेल लावताना अंगठीतल्या हिऱ्याच्या तळाशी असाच थर बसतो. हवेच्या जागी तेल आलं की तो २४.४ अंशांचा कोन थेट ३८ अंशांवर जातो. पैलूचा उतार ४०.७५. म्हणजे जेमतेम पावणेतीन अंशांची फट उरते, आणि थोडे तिरपे किरण गळायला लागतात. हिरा 'मंदावला' म्हणतात तो असा. कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने मागून घासला की परत जागा होतो.

दुकानातले झगझगीत दिवे मात्र कुठलाही खडा नाचवतात, म्हणून मोकळा हिरा खिडकीजवळच्या साध्या उजेडातही बघावा. तिथे तो जिवंत वाटला तर पैलू चांगले.

मोकळा खडा स्वतःची ओळखही सांगतो. झिरकोनिया आणि मॉइसनाइट हे हिऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम खडे. झिरकोनियाची घनता हिऱ्याच्या दीडपटीहून जास्त असते. साडेसहा मिलिमीटरचा गोल हिरा एक कॅरेटच्या आसपास भरतो, तेवढाच झिरकोनिया १.७ च्या आसपास. नुसता काटा पुरतो. मॉइसनाइटमध्ये किरण दुभंगतो, त्यामुळे भिंगातून तिरकं पाहिलं की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र असा पकडता येत नाही. तोही कार्बनच, घनता तीच, चमक तीच. तो ओळखायला प्रयोगशाळेतली उपकरणंच लागतात. आणि दागिन्यावरचा हॉलमार्क यातलं काहीच सांगत नाही, तो फक्त सोन्याबद्दल बोलतो.

एकच मोठा खडा घ्यायचा असेल तर मी आता हेच सुचवते: हिरा अहवालासह वेगळा निवडा, कोंदण नंतर ठरवा. मंगळसूत्राच्या वाट्यांभोवतीच्या बारीक खड्यांसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. खडा आधी हातात असला की पैसेही वाचतात. पिवळ्या सोन्यातच बसवायचा असेल तर डी रंगासाठी जादा मोजायची गरज नाही, जे किंवा के रंगाचा खडाही तिथे छान दिसतो. प्लॅटिनममध्ये मात्र तोच पिवळसर वाटेल.

एक धोका आहे, तो बसवतानाचा. ऐरणीवर घण घातला तरी हिरा फुटत नाही, हा आपल्याकडचा जुना समज. ओरखड्याच्या बाबतीत हिरा दुसऱ्या हिऱ्याशिवाय कुणालाच दाद देत नाही, पण त्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात, की त्यांवर नेमका आघात बसला तर तो स्वच्छ दुभंगतो. टोकदार कोपऱ्यांच्या आकारांना हे भय जास्त. बसवताना टवका उडाला तर जबाबदारी कुणाची, हे आधीच विचारून लिहून घ्यावं. बऱ्याच हिऱ्यांच्या कडेवर लेझरने अहवालाचा क्रमांक कोरलेला असतो. तो नखीखाली झाकू नका असं कारागिराला सांगावं, आणि अंगठी ताब्यात घेताना भिंगातून वाचून घ्यावा.

मावशीचा हिरा पुन्हा पिवळ्या सोन्यातच बसला. कारागिराने टवक्याची बाजू ओळखून त्यावरच नखी आणली, कारण तिथे धक्का बसला तर तो वाढला असता. अंगठी घालून मावशीने हात खिडकीकडे धरला. तुपाची झाक पार सोन्यात मिसळून गेली होती. बिल वाचायला तिने चष्मा लावला आणि हिऱ्याच्या वजनाच्या रकान्यात ०.६६ आहे ना, ते बोट ठेवून पाहिलं.