राखेने चोळलेली मासोळी

बारकी मासोळी साफ करायला आमच्याकडे अजून चुलीतली राख लागते. राखेने चोळली की बुळबुळ जाते, मग पावशीवर (विळीवर) खवले काढायचे, पोट फाडायचं, आतडी कोंबड्यांना.

ही घरची राख. दगडी कोळशाची राख वेगळी. 2022 च्या पावसाळ्यात नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राच्या खसाळ्याच्या राखतलावाचा बांध फुटला, तेव्हा ती नाल्यांतून नदीच्या वाटेला लागली. कोळसा जळताना त्यातला बराच पारा वाफ होऊन धुराड्यातून उडतो आणि पावसाबरोबर कुठल्याही तळ्यात उतरू शकतो. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक बहुतांशी राखेत उरतात.

आता पावशीने यातलं काय निघतं? कॅडमियम माशाच्या यकृतात आणि मूत्रपिंडात साचतं. शिसं कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून हाडांत आणि कल्ल्यांत. पोट नीट साफ केलं, कल्ले फेकले की बराच भार कमी होतो. (आतडी कोंबड्यांनाही नकोत, त्यांचं यकृत आपणच खातो.) मात्र बारकी मासोळी काट्यांसकट चावून खाल्ली तर शिसंही पोटात जातं.

पाऱ्यापुढे पावशी हरते. तळ्याच्या गाळात, जिथे ऑक्सिजन नसतो, तिथले जिवाणू त्याचं मिथिलपारा करतात आणि तो थेट मांसातल्या प्रथिनांना चिकटतो. तळा, उकडा, चिंच घाला, तो हलत नाही. शेवाळातून किड्यात, किड्यातून बारक्या मासोळीत, तिच्यातून मरळीत, असा तो पायरीपायरीने वाढतो. म्हणून एकाच तळ्यातल्या रोहूपेक्षा जुन्या, मोठ्या मरळीत तो जास्त सापडतो. आणि आपण आजाऱ्याला, बाळंतिणीला मुद्दाम मरळच आणतो!

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने 2003 मध्ये मर्यादा ठरवली: वजनाच्या दर किलोमागे आठवड्याला 1.6 मायक्रोग्रॅम मिथिलपारा. 50 किलोच्या बाईला 80. समजा, मरळीत किलोमागे 200 मायक्रोग्रॅम आहे; मग आठवड्याला 400 ग्रॅममध्येच कोटा संपला. गरोदरपणी हे काटेकोर पाळावं, कारण मिथिलपारा वारेतून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो.

मासे सोडायचं कारण नाही. भंडारा-गोंदियाच्या ज्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत जंगलातून पाणी उतरतं, तिथला रोहू मी निर्धास्त खातो. अडचण बाजारात येते. तो रोहू आणि राखेच्या नाल्याखालची मरळ एकाच पाटीत येतात. लाल कल्ले, चमकते डोळे पाहून मासा ताजा आहे एवढंच कळतं.