एट-बॉल आणि नाइन-बॉल: नवा नियम कोणत्या खेळाला मानवतो?

पंधराऐवजी नऊच चेंडू मांडले की डाव लवकर आटोपतो, एवढाच एट-बॉल आणि नाइन-बॉल या पूलच्या (टेबलावर काठीने चेंडू मारण्याच्या) दोन खेळांतला फरक, असा समज पूल पार्लरमध्ये सर्रास आढळतो. टेबल, क्यू (खेळण्याची काठी), सहा पॉकेट (चेंडू पडायची भोके) आणि आकडे घातलेले चेंडू दोन्हीकडे तेच असल्यामुळे तो होणे स्वाभाविक आहे. परंतु मित्रमंडळींत खेळण्यासाठी एखादा नवा नियम बसवायचा झाला, तर हा समज आडवा येतो, कारण एका खेळात रंगत आणणारा नियम दुसऱ्यात निरर्थक ठरतो.

एट-बॉलमध्ये खेळाडूच्या वाट्याला एक गट येतो: १ ते ७ हे एकरंगी चेंडू किंवा ९ ते १५ हे पट्ट्यांचे. गटातील चेंडू हव्या त्या क्रमाने पॉट करता येतात, म्हणजे पॉकेटमध्ये घालता येतात, आणि ते संपल्यावर काळा ८ नियमानुसार पॉट करणारा जिंकतो. नाइन-बॉलमध्ये गट नसतातच. टेबलावरील सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला क्यूने मारायच्या पांढऱ्या चेंडूने आधी स्पर्श केला पाहिजे, हे मुख्य बंधन. त्यानंतर कोणताही आकड्याचा चेंडू पॉट झाला तरी पाळी चालू राहते, आणि १ वर आपटून ९ आत गेला, तर मधले सगळे चेंडू टेबलावर असतानाही खेळाडू डाव तिथेच जिंकतो.

म्हणजे एक खेळ निवडीचा आणि दुसरा क्रमाचा. एट-बॉलमध्ये आपले चेंडू कमी होत जातात तसे प्रतिस्पर्ध्याचे चेंडू वाटेत अडथळे होऊन उरतात, त्यामुळे घाईघाईने सहा चेंडू पॉट करून सातव्यावर अडकलेला खेळाडू पुढे दिसत असला तरी बहुधा अडचणीत असतो. नाइन-बॉलमध्ये अडथळे दोघांनाही सारखेच असतात.

आता काही नियम तपासून पाहू. आपला शेवटचा चेंडू ज्या पॉकेटमध्ये गेला त्याच पॉकेटमध्ये ८ घातला पाहिजे, असा एट-बॉलचा एक प्रकार लॅटिन अमेरिकेत खेळला जातो. यात खेळाडूला शेवटच्या दोन फटक्यांचा विचार आधीपासून करावा लागतो. नाइन-बॉलमध्ये मात्र ‘आपला शेवटचा चेंडू’ असे काही नसतेच, म्हणून या नियमाला तिथे धरायला जागा नाही. अमेरिकेतील दुसऱ्या एका प्रकारात १ आणि १५ हे चेंडू ठरलेल्या मधल्या पॉकेटमध्येच घालावे लागतात. एट-बॉलमध्ये हे जमते, कारण तोवर गटातील इतर चेंडू खेळता येतात. हेच बंधन नाइन-बॉलमधील १ वर घातले, तर तो पॉट होईपर्यंत २ कडे वळता येणार नाही आणि सारा डाव एका चेंडूपाशी तुंबून बसेल.

उलट, कोणता चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये घालणार हे आधी सांगण्याची अट क्रमाच्या खेळाला चांगली मानवते. टेन-बॉल त्याच वाटेने जातो: दहा चेंडू, क्रम तोच, पण योगायोगाने आत गेलेल्या चेंडूचा लाभ नाही. नाइन-बॉलमधील नशिबाच्या अंशाला मी तरी दोष मानत नाही. नवख्याला दिग्गजासमोर उभे राहण्याची आशा त्यामुळेच वाटते.

निवड आणि क्रम यांचा सर्वांत नेटका मेळ मात्र स्नूकरमध्ये दिसतो. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये ‘ब्लॅक पूल’ या खेळात आणखी रंगीत चेंडू घालून नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन हे नव्हेत) या खेळाची सुरुवात केल्याचे मानले जाते. आजच्या स्नूकरमध्ये लाल चेंडू असेपर्यंत कोणता लाल आणि त्यानंतर कोणता रंगीत घ्यायचा, हे खेळाडू ठरवतो. लाल संपले की उरलेल्या सहा रंगीत चेंडूंना पिवळ्यापासून काळ्यापर्यंत ठरलेला क्रम लागतो.

सर्वाधिक वाद होतात ते ब्रेकवरून, म्हणजे मांडलेले चेंडू फोडणाऱ्या पहिल्या फटक्यावरून. नाइन-बॉलच्या प्रचलित नियमांनुसार ब्रेकवर, फाउल (नियमभंग) न होता, ९ पॉट झाल्यास डाव जिंकला जातो, आणि तो न्याय अनेक ठिकाणी एट-बॉललाही लावला जातो. एट-बॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मात्र ब्रेकवर ८ गेल्याने विजय मिळत नाही: फाउल झाला नसेल, तर ब्रेक करणारा ८ पुन्हा जागेवर ठेवून पुढे खेळू शकतो किंवा नव्याने ब्रेक करू शकतो. पार्लरमध्ये ‘ब्रेकवर आठ म्हणजे जीत’ हा नियम ठेवायला हरकत नाही. फक्त तो रॅक लावण्यापूर्वी (चेंडू मांडण्यापूर्वी) दोघांनी मान्य केलेला असावा.