जुनं बिझनेस जेट घेताना इलेक्ट्रिकल सिस्टीमची तुलना

सेकंडहँड बिझनेस जेट घ्यायच्या आधी त्यात वीज कुठे तयार होते, कशात साठते आणि कुठल्या बसवरून (वीज वाटणाऱ्या मुख्य जोडपट्टीवरून) कुठे जाते हे मॉडेल आणि सिरीयल नंबर धरून ताडून बघणं, म्हणजे ही तुलना. घेणारे इंजिनाचे तास बघतात, रंग बघतात, सीटचं लेदर दाबून बघतात आणि वायरिंग मेकॅनिकवर सोडून देतात. ९ ऑक्टोबर २०२१ ला परुळे-चिपीचा विमानतळ सुरू झाला, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला थेट उतरता येतं खरं, पण खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या विमानाला ही तपासणी जास्तच लागते.

ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एक २८ व्होल्ट डीसीचं (एकाच दिशेने वाहणारी वीज), म्हणजे सायटेशन, लियरजेट, फाल्कन ९०० वगैरे. इंजिनावरचा स्टार्टर-जनरेटरच इंजिन फिरवतो आणि इंजिन धरलं की तोच वीज द्यायला लागतो, जुन्या मॉडेलात काही इन्स्ट्रुमेंटना एसी (दिशा बदलत राहणारी वीज) लागतो तेवढा इन्व्हर्टर बनवतो. दुसरं ११५ व्होल्ट ४०० हर्ट्झ एसीचं, चॅलेंजर ६०४ सारखं, तिथे आयडीजी, म्हणजे इंजिनावरचा स्थिर वेगाने फिरणारा जनरेटर, इंजिनाचा वेग बदलला तरी फ्रिक्वेन्सी धरून ठेवतो आणि टीआरयू (एसीचा डीसी करणारा ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर) त्यातून २८ व्होल्ट डीसी काढतो. घरातल्या ५० हर्ट्झपेक्षा ४०० वर ट्रान्सफॉर्मर आणि मोटर लहान, हलक्या होतात म्हणून तो आकडा. ग्लोबल एक्सप्रेसमधे तर फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवायची भानगडच नाही, इंजिनाबरोबर वरखाली होते. हॉकर ८००एक्सपी हे या दोन्हींच्या मधलं प्रकरण, मुख्य सिस्टीम डीसी पण काचा गरम करायला वेगळे अल्टरनेटर. डीसीवालं समजायला सोपं, त्यात ब्रश झिजतात आणि ओव्हरहॉल येतो. एसीवालं जास्त लोड ओढतं, पण आयडीजी गेला तर खर्च दणकून.

खरी मारामारी बॅटरीवर होते. एकाच मॉडेलात एका मालकाने निकेल-कॅडमियम ठेवलेली असते, दुसऱ्याने लेड-ॲसिड बसवलेली असते. निकेल-कॅडमियममधे साधारण २० सेल, स्टार्टला जोर चांगला, पण ठरावीक काळाने शॉपमधे नेऊन पूर्ण रिकामी करून सेल तपासावे लागतात, आणि फार तापली तर थर्मल रनअवे, म्हणजे तापते म्हणून जास्त करंट ओढते आणि ओढते म्हणून आणखी तापते. म्हणून कॉकपिटमधे तिच्या तापमानाचा इशारा असतो, तो चालतो का बघा. लेड-ॲसिड स्वस्त आणि कमी कटकटीची, पण कोकणातल्या उन्हात तिचं आयुष्य घटतं. बॅटरी कमजोर असेल तर स्टार्टला इंजिन पुरेसं फिरत नाही, इंधन जळतं पण हवा कमी, टर्बाईनचं तापमान चढतं, त्यालाच हॉट स्टार्ट म्हणतात आणि त्याचं बिल बॅटरीच्या कितीतरी पट. छोट्या विमानतळावर जीपीयू (उभ्या विमानाला बाहेरून वीज देणारं यंत्र) मागितल्या क्षणी मिळेलच असं धरू नये, एपीयू (विमानातलंच छोटं सहाय्यक इंजिन) नसलेल्या जेटला तर सगळी भिस्त बॅटरीवर. चॅलेंजरला इंजिन एपीयूच्या हवेने सुरू होतं, पण एपीयू सुरू करायला बॅटरी लागतेच! लिथियमचं म्हणाल तर २०११ मधे सायटेशन सीजे४ ची लिथियम-आयन बॅटरी जमिनीवरच पेटली आणि अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या विमान नियामक संस्थेने) त्या काढून लेड-ॲसिड किंवा निकेल-कॅडमियम बसवायला लावल्या, तेव्हा सीजे४ बघताना हे लॉगबुकात शोधा.

समुद्राकाठी मुख्य त्रास अर्थिंगचा. पॅनेल उघडून ग्राउंड स्टड आणि बॅटरी कनेक्टर जवळून बघा, तांब्यावर हिरवट थर, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली की समजायचं आतपर्यंत ओल गेलीय, मालवणच्या ट्रॉलरवर वायरिंग असंच हिरवं पडतं. असा जॉइंट व्होल्टेज खातो आणि मग बिघाड कधी दिसतो कधी नाही, मेकॅनिक बिघाड नसलेलाच इलेक्ट्रॉनिक बॉक्स बदलत बसतो.

ब्रोशर दाखवून कुणी मॉडेलचं नाव सांगितलं तर तेवढ्यावर जाऊ नका. उत्पादनादरम्यान बस, रिले, जनरेटर कंट्रोल बदलत जातात आणि वायरिंग डायग्राम कुठल्या सिरीयलपासून लागू हे त्यावर लिहिलेलं असतं. वर मागच्या मालकांनी वायफाय, ओव्हन, नवीन स्क्रीन घातलेले. त्या प्रत्येकाचा कागद आणि लोड ॲनालिसिस (कोण किती वीज ओढतं याचा हिशोब) मागा, नसेल तर मग करून द्यायला सांगा. शेवटी इंजिनं चालू असताना एकेक जनरेटर बंद करून बघा, उरलेला लोड पेलतो का, कशाकशाचा पुरवठा आपोआप तुटतो, आणि ते मॅन्युअलमधल्या यादीशी जुळतं का.