खुराडं, घूस आणि धामण

कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही गावात परड्यात चार-सहा गावरान कोंबड्या दिसतात. खुराड्यातलं अंडं नाहीसं झालं आणि त्याच सुमाराला गोठ्यामागे लांबडं दिसलं, की गल्ली काठ्या घेऊन गोळा होते. जीव जातो तो बहुतेक वेळा धामणीचा. आणि धामण मेल्यावरही पुष्कळदा अंडी जातच राहतात.

साप रोज जेवत नाही. शरीर गरम ठेवण्यासाठी आपल्याला सतत अन्न लागतं. साप ती ऊब उन्हातून घेतो, म्हणून थोडक्यात भागवतो. पोट भरलेली धामण पुढचे काही दिवस शिकारीला निघत नाही. तेव्हा अंडं रोज नेमाने जात असेल तर संशय आधी घुशीवर आणि मुंगसावर घ्यावा. खुणा वाचता येतात. साप अंडं अख्खं गिळतो, टरफलाचा कपटाही मागे राहत नाही. मुंगूस फोडून, सांडून जातं. उंदीर कुरतडलेली टरफलं टाकतो. घूस कधी अख्खं अंडं बिळात ओढून नेते, म्हणून खुराड्याच्या बुडाशी उकरलेली माती आहे का ते बघावं. मोठी कोंबडी मानेला चावून मारलेली असेल तर ते सापाचं काम नव्हे. मेलेल्या पिल्लाचं डोकं आणि मान मात्र चिकट, ओली दिसली, तर सापाने गिळायला घेऊन सोडून दिलं असं समजायला हरकत नाही.

अख्खं अंडं त्या एवढ्याशा तोंडात जातं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी हाडाने जुळलेले नसतात. मध्ये ताणला जाणारा अस्थिबंध असतो. डावी बाजू पुढे सरकते, मग उजवी, आणि भक्ष्य हळूहळू आत ओढलं जातं. टरफल पुढे पोटातल्या आम्लात विरघळतं. फक्त अंड्यांवर जगणारा अंडीखाऊ सापही महाराष्ट्रात आहे. त्याच्या मणक्यांची टोकं अन्ननलिकेत उतरलेली असतात. त्यांवर तो अंडं फोडतो आणि टरफल ओकून टाकतो. पण तो बारीक अंगाचा, लहान पाखरांच्या अंड्यांवर जगणारा साप आहे. कोंबडीचं अंडं त्याला झेपत नाही.

परड्यात दिसणाऱ्या बाकीच्या बिनविषारी सापांना कोंबड्यांशी काहीच देणंघेणं नसतं. नानेटी बेडूक खाते. दिवड पाण्याकाठी मासे आणि बेडकांवर जगते. कवड्या भिंतीवरच्या पाली पकडतो. गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्या-वाळवीची अंडी खातो. उलट वाळा किंवा नानेटीचं पिल्लू कोंबड्यांच्या तावडीत सापडलं, तर कोंबड्याच ते टोचून खातात.

धामण अंडी आणि लहान पिल्लं खाते, हे खरं आहे. ते नाकारून तिची बाजू घेण्यात अर्थ नाही. पण ती खुराड्याकडे येते ती मुख्यतः उंदरांच्या मागावर. आपण संध्याकाळी टाकलेली कणी आणि भरडा रात्रभर पडून राहतो, त्यावर उंदीर येतात, उंदरांमागे धामण. मांजर बिळाच्या तोंडाशी बसून राहतं; धामण बिळात शिरते आणि पिल्लांसकट सगळं संपवते. शिवारात बहुतेक ऊसच असलेल्या आपल्या भागात उंदीर-घुशींचा त्रास काय असतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. शिवाय उंदराच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) आजार पसरतो. चार अंड्यांसाठी धामण मारणं मला चुकीचा सौदा वाटतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हाही आहे. ती म्हशीच्या पायाला वेढा घालून दूध पिते, ही समजूत अजून ऐकू येते. सापाला ओठांनी चोखता येत नाही, आणि त्याचे आत वळलेले दात आचळाला लागले तर म्हैस गप्प उभी राहणार नाही.

खरी काळजी नागाची. तोही उंदरांमागे येतो, अंडीही खातो, आणि दर वेळी फणा काढतोच असं नाही. धामणीचे डोळे मोठे असतात, ओठांवर काळ्या उभ्या रेघा दिसतात, शेपटीकडे काळे पट्टे असतात आणि चाहूल लागताच ती सुसाट पळते. धामण दिवसा फिरणारी. त्यामुळे रात्री कोंबड्या कलकलाट करू लागल्या तर ‘धामण असेल’ म्हणून हात घालू नये. बॅटरी घ्यावी आणि लांबून बघावं. मण्यारही रात्रीच फिरते. कवड्या आणि मण्यार यांत गफलत होते: कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे नेमके उलटे. घाबरलेल्या माणसाने अंधारात हा फरक ओळखायच्या फंदात पडू नये.

खुराड्याला साधी षटकोनी कोंबडी-जाळी लावली असेल तर साप सहज आत जातो. अंडं गिळून फुगल्यावर त्याच भोकातून बाहेर निघता येत नाही, म्हणून सकाळी तो आतच सापडतो. अर्धा इंची किंवा त्याहून बारीक वेल्डमेश लावावी, आणि ती जमिनीत वीतभर पुरावी म्हणजे घूसही थांबते. नायलॉनची जाळी मात्र नको. तिच्यात अडकून साप तडफडून मरतात. फिनेल, डांबरगोळ्या यांवर पैसे घालू नयेत. वास उडून जातो, आणि फिनेल अंगावर पडलं तर सापाची कातडी भाजते. अंडी दिवस मावळायच्या आत काढणं, उरलेला दाणा झाडून घेणं, शेणी आणि जळण खुराड्याला चिकटून न रचणं, याचा उपयोग या सगळ्यापेक्षा जास्त होतो.

पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला, की साप उंचवट्याकडे सरकतात. ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर आणि साप दोन्ही वस्तीकडे येतात. या दिवसांत खुराडं रोज उजेडात तपासावं. आत साप दिसलाच तर दार उघडं ठेवून कोंबड्या बाहेर घ्याव्यात, मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवावं. बिनविषारी असल्याची खात्री असेल तर वाट मोकळी ठेवली की तो आपण होऊन जातो. खात्री नसेल तर अनुभवी सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. चावलाच, तर दोरी आवळायची नाही, जखम कापायची नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. हात किंवा पाय न हलवता थेट कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं दुसरं सरकारी रुग्णालय गाठायचं, सापाला पकडून सोबत न्यायचं नाही.