प्रकाशाचा स्पंद वेळेआधी बाहेर पडतो तेव्हा

पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठची गावं नदीकडे डोळे लावून बसतात. पाणी सुरुवातीला कसं चढतंय, यावरूनच पुराचा माथा कधी येईल याचा अंदाज जुनीजाणती माणसं बांधतात. सिझियम धातूच्या वाफेतून प्रकाशाचा स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, पाठवण्याचा प्रयोग वर्गात समजावताना मला तीच आठवतात.

या प्रयोगाचं मूळ बरंच जुनं. १८७० मध्ये डेन्मार्कच्या ख्रिस्टियनसेन यांना फुक्सिन रंगाच्या द्रावणात प्रकाशाच्या रंगांचा नेहमीचा क्रम बिघडलेला दिसला. पदार्थ जो रंग शोषतो, त्याच्या आसपास हे असंगत अपस्करण, म्हणजे रंगांचं उलट्या क्रमाने पसरणं, होतं. तिथे गणिताने स्पंदाचा समूहवेग, म्हणजे त्याच्या माथ्याचा वेग, प्रकाशाच्या निर्वात वेगाहून जास्त येतो, कधी ऋणही. १९०५ नंतर, कोणताही संदेश प्रकाशाच्या निर्वात वेगाहून जलद जाऊ शकत नाही असं सांगणारा आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत आल्यावर, हे मोठंच कोडं झालं. सोमरफेल्ड आणि ब्रिलुआँ यांनी १९१४ मध्ये ते सोडवलं: स्पंदाचं अगदी पहिलं टोक ही मर्यादा कधीच ओलांडत नाही. इतकं स्पष्ट उत्तर असूनही पुढे गोंधळ झालाच, याची मला खंत वाटते.

१९७० मध्ये गॅरेट आणि मॅकम्बर यांनी गणिताने दाखवलं, की गुळगुळीत चढउताराचा स्पंद आकार राखूनही असा 'लवकर' पोचू शकतो. १९८२ मध्ये चू आणि वाँग यांनी ते प्रयोगात पाहिलं, पण शोषणामुळे स्पंद फार क्षीण व्हायचा.

२००० साली प्रिन्स्टनमध्ये वांग, कुझमिच आणि डोगारियू यांनी शोषणाऐवजी वर्धन, म्हणजे प्रकाश वाढवणं, वापरलं. लेझरच्या मदतीने सिझियमच्या अणूंत जवळजवळच्या दोन वर्धनरेषा, म्हणजे प्रकाश वाढतो अशा दोन अरुंद वारंवारता, तयार केल्या आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यातून स्पंद पाठवला. नळी ६ सेंटिमीटरची. निर्वातात ते अंतर प्रकाश ०.२ नॅनोसेकंदात कापतो. स्पंदाचा माथा मात्र त्याहून ६२ नॅनोसेकंद आधी बाहेर आला, म्हणजे नळीत शिरण्याच्याही आधी! 'प्रकाशाचा वेग मोडला' अशा बातम्या जगभर झळकल्या.

मोडलं काहीच नव्हतं. स्पंद काही मायक्रोसेकंद लांब होता आणि त्याचा पुढचा उतार कधीच नळीत पोचला होता. त्याच उतारातून वाफेने माथा घडवला, जसा पहिल्या चढावरून पुराचा माथा ओळखता येतो. पण धरणाचे दरवाजे मध्येच अचानक बंद केले, तर ते त्या पहिल्या चढावरून कुणालाच कळणार नाही; पाण्यातला तो बदल गावापर्यंत यावाच लागेल. २००३ मध्ये स्टेनर, गॉथियर आणि नीफेल्ड यांनी पोटॅशियमच्या वाफेत स्पंदावर असाच अचानक बदल करून पाहिला. माथा पुढे होता, पण त्या बदलाची खबर प्रकाशाच्या निर्वात वेगाच्या आधी पोचली नाही.