क्लस्टरमधील सामायिक व्हॉल्यूम व्यवस्थापन

क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणाऱ्या संगणकांचा समूह. एकच डिस्कसाठा त्यातल्या अनेक संगणकांना जोडलेला असताना त्याचे भाग, म्हणजे व्हॉल्यूम, पाडणे, ते वाढवणे आणि कोणता भाग केव्हा कोणी उघडायचा हे ठरवणे, म्हणजे सामायिक व्हॉल्यूम व्यवस्थापन. लिनक्सवर हे काम मुख्यतः एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर) करते.

सॅनवरची, म्हणजे डिस्कसाठ्याच्या वेगळ्या नेटवर्कवरची, एक डिस्क दोन नोडना (क्लस्टरमधल्या दोन संगणकांना) दिसते आहे असे समजा. कोणता व्हॉल्यूम कोणत्या तुकड्यांवर आहे, याची नोंद, म्हणजे मेटाडेटा, डिस्कच्या सुरुवातीलाच असते. ती त्या डिस्कचा सातबाराच. तुकडा सहसा ४ एमबीचा. पहिला नोड हा उतारा वाचतो आणि मोकळ्या तुकड्यांवर नवा व्हॉल्यूम आखतो. त्याच क्षणी दुसराही तोच उतारा वाचून तेच तुकडे आपल्या व्हॉल्यूमला लावतो. डिस्कवर टिकतो तो शेवटी लिहिलेला उतारा. पहिला नोड मात्र मेमरीतल्या नकाशाप्रमाणे लिहीतच राहतो आणि डिस्क दोघांचेही निमूट ऐकते. एरर येत नाही, म्हणून हे नुकसान फार उशिरा कळते.

यावर उपाय कुलपाचा: आधी लॉक घ्यायचे, उतारा पुन्हा वाचायचा, मगच फेरफार करायचा. पूर्वी ही जबाबदारी सीएलव्हीएमडी या एलव्हीएमच्या पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवेकडे होती. २०१८ मध्ये आलेल्या एलव्हीएम २.०३ मधून ती सेवा काढली आणि एलव्हीएमलॉकडी ही दुसरी सेवा उरली. तिच्यामागे लॉक सांभाळणारी यंत्रणा लागते, सहसा डीएलएम किंवा सॅनलॉक. डीएलएमचे नोड नेटवर्कवरून लॉक ठरवतात. सॅनलॉकमध्ये प्रत्येक नोड त्या सामायिक डिस्कवरच ठरावीक वेळाने हजेरी लावतो. ती चुकत राहिली, तर वॉचडॉग, म्हणजे यंत्रावर नजर ठेवणारा टायमर, त्या यंत्राला रीसेट करतो.

डीएलएम वापरताना फेन्सिंग, म्हणजे संशयित नोडला डिस्कपासून तोडणे, हवेच. संपर्क तुटलेला नोड बंद पडलाच असेल असे नाही. तो अजून लिहीत असू शकतो. म्हणून त्याची वीज तोडतात किंवा सॅनची वाट बंद करतात, आणि तोवर बाकीचे थांबून राहतात. हे थांबणे त्रासदायक वाटले तरी डेटा त्यानेच वाचतो. ‘सध्या फेन्सिंग बंद ठेवू’ हा विचार म्हणूनच घातक आहे.

सर्वाधिक गैरसमज पुढे आहे. हे लॉक व्हॉल्यूम सांभाळते, आतल्या फायली नाही. सामायिक लॉक घेऊन दोन नोडनी एकच व्हॉल्यूम उघडला आणि त्यावरची एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ ही एकाच यंत्रासाठीची फाइल सिस्टिम दोन्हीकडे माउंट केली, तर ती बिघडणारच. तिथे जीएफएस२सारखी क्लस्टरसाठीची फाइल सिस्टिम लागते. तिच्यात प्रत्येक नोडचे जर्नल (बदलांची नोंदवही) वेगळे असते. एका वेळी एकच नोड वापरणार असेल तर एक्सएफएस चालते, पण लॉक एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकट्या नोडपुरते, घ्यायचे.