डायनासोरच्या आधी तिथे ऊस होता

हवाईच्या ओआहू बेटावर कुआलोआ म्हणून जागा आहे, तिथली उघड्या गाडीतली जंगल टूर केलेले मराठी लोक आता बरेच भेटतात, प्रत्येकाच्या फोनमध्ये ज्युरासिक पार्क सिनेमातल्या एका आडव्या पडलेल्या ओंडक्याजवळचा फोटो हमखास असतो. मीही काढलाय. लेक तिकडे नोकरीला आहे म्हणून गेल्या वर्षी जाणं झालं. गाडीला खिडक्या नाहीत, दोन्ही बाजू उघड्या, लाल मातीचा रस्ता आणि पाऊस पडून गेलेला, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला आपण सीटवरून वीतभर वर उडतो आणि पुढच्या दांड्याला घट्ट धरून बसावं लागतं. गाइड एकेक जागा दाखवत जातो, इथे अमुक सिनेमाचं शूटिंग, तिथे तमुक सिरियलचं, आणि मध्ये कुठेतरी दोन वाक्यांत सांगून टाकतो की पूर्वी इथे ऊस होता, मग गुरं होती, मग आर्मी होती. माझं लक्ष त्या दोन वाक्यांतच अडकून राहिलं. गोरेगाव पूर्वेला फिल्मसिटीच्या रस्त्यावर आयुष्य गेलंय माझं, त्यामुळे कॅमेऱ्याला मोकळी दिसणारी जमीन खरंच मोकळी नसते एवढं मला माहीत होतं. परत आल्यावर महिनाभर त्याबद्दलच वाचत बसले, आमच्या कट्ट्यावरचे दोघं-तिघं यंदा जाणार आहेत त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी हे लिहून ठेवतेय.

सुरुवात दगडापासून करते कारण मला स्वतःला तेच सगळ्यात भारी वाटलं. ज्या दरीत ज्युरासिक पार्कचे डायनासोर पळताना आपण पाहिले त्या जमिनीने डायनासोर कधी बघितलेच नाहीत. हवाईची बेटं म्हणजे समुद्राच्या तळातून वर आलेले ज्वालामुखी, त्यातलं ओआहू जेमतेम तीस-चाळीस लाख वर्षांचं, आणि डायनासोर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे ते संपले तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं. आणि त्या काळाच्या आसपासचा दगड बघायचा असेल तर विमानाचं तिकीट काढायची गरज नाही, अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल उभा आहे, उभ्या खांबांसारखा काळा बेसाल्ट, साधारण सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, चारी बाजूंनी बिल्डिंगी. कुआलोआच्या मागे कोओलाउ नावाची डोंगररांग आहे, तीही बेसाल्टचीच, एका प्रचंड ज्वालामुखीचा अर्धा भाग समुद्रात घसरून गेला त्यातून उरलेली कड. म्हणूनच ते कडे इतके उभे, पन्हाळी पाडल्यासारखे दिसतात. माळशेज ज्यांनी पावसाळ्यात पाहिलाय त्यांना ते दृश्य अनोळखी वाटणारच नाही. समुद्रावरून येणारा वारा त्या कड्यावर आपटतो, वर चढतो, ढग होतात आणि पाऊस पडतो, आपल्या सह्याद्रीवर होतं तसंच, फक्त आपल्याकडे चार महिने आणि तिकडे कमीजास्त वर्षभर.

हे झालं निसर्गाचं. माणसं तिथे आली ती होड्यांतून, पॉलिनेशियातून, आणि येताना बरोबर रोपं घेऊन आली. त्यातलं मुख्य कुठलं होतं? अळू! त्याला ते कालो म्हणतात, पानं खातात आणि मुख्य म्हणजे कंद खातात, ठेचून त्याची पोई करतात, तेच त्यांचं अन्न. कुकुईचं झाडही त्यांनीच आणलं, बियांच्या तेलावर दिवे जळायचे, आपल्याकडे त्याला जंगली अक्रोड म्हणतात. डोंगरमाथ्यापासून खाली समुद्रातल्या प्रवाळाच्या कडेपर्यंत एक पट्टा म्हणजे एक आहुपुआआ, अशी जमिनीची वाटणी असायची, वरचं लाकूड, मधलं अळू आणि खालचे मासे हे सगळं त्या एका पट्ट्यात मिळायचं. कुआलोआ हा त्यातला फार मानाचा, पवित्र पट्टा. मोठ्या सरदारांची मुलं तिथे वाढवली जायची, आणि समोरून होडी जाताना मानाने शीड खाली उतरवायची पद्धत होती असं सांगतात. किनाऱ्याला लागून मोलिई नावाचं मत्स्यतळं आहे, दगडी बांध घालून केलेलं, कित्येक शतकांपूर्वीचं, साधारण १२५ एकरांचं, आणि ते आजही वापरात आहे. टूरवाल्या गाड्या ते लांबून दाखवतात आणि पुढे जातात, मला तिथे अर्धा दिवस बसायला आवडलं असतं.

मग १९व्या शतकात मिशनरी आले. त्यातला एक डॉक्टर, गेरिट जड, १८२८ साली हवाईला पोचला, राजाचा विश्वासू झाला आणि पुढे मिशन सोडून राज्यकारभारातच शिरला. त्याची एक गोष्ट मला विसरता येत नाही. १८४३ मध्ये एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने पाच महिने हवाईचा ताबाच घेतला होता, तेव्हा सरकारी कागदपत्रं हाती लागू नयेत म्हणून जडने ती राजघराण्याच्या दफनघरात लपवली आणि रात्री तिथेच बसून, काआहुमानू राणीच्या शवपेटीचं टेबल करून, कागद लिहिले. तर हा माणूस. १८४८ मध्ये राजा कामेहामेहा तिसरा याने जमिनीची मोठी वाटणी केली, त्याआधी आपल्याला कळते तशी खाजगी मालकी तिथे नव्हतीच, आणि दोनच वर्षांत परदेशी लोकांनाही जमीन घेण्याची परवानगी मिळाली. त्याच १८५० सालात जडने राजाकडून कुआलोआची ६२२ एकर जमीन १३०० डॉलरला विकत घेतली. आपली फिल्मसिटी ५२० एकरांच्या आसपास आहे, म्हणजे तिच्याहून मोठा तुकडा, तोही पवित्र मानलेला, एका व्यवहारात गेला. पुढे त्याच्या मुलाने आजूबाजूची जमीन जोडत नेली, आज सगळं मिळून चार हजार एकर आहे आणि ते अजून त्याच घराण्याकडे आहे. हे चांगलं झालं की वाईट हे मी मुंबईत बसून ठरवू शकत नाही, पण ज्यांच्या पूर्वजांनी तिथे शीडं उतरवली त्यांना ती १३०० डॉलरची पावती कशी वाटत असेल हा विचार येतोच.

आता ऊस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, दक्षिणेतली साखर उत्तरेला मिळेनाशी झाली, भाव चढले, आणि हवाईत जो तो ऊस लावायला लागला. याच युद्धात दक्षिणेतला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैशाचा पूर आला, शेअरचं वेड लागलं आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं, हे आपण शाळेत नाही तरी कुठेतरी वाचलेलं असतं. एकाच लढाईचा धक्का एकीकडे आपल्या कापूसबाजाराला आणि दुसरीकडे पॅसिफिकमधल्या त्या दरीला! जडचा मुलगा चार्ल्स आणि जावई सॅम्युअल वाइल्डर यांनी १८६०च्या दशकात तिथे साखरेची गिरणी उभी केली, ओआहूवरच्या अगदी सुरुवातीच्या गिरण्यांपैकी. गिरणी फार चालली नाही. वाइल्डरचा लहान मुलगा उकळत्या रसाच्या कढईत पडून दगावला. आणि पाऊसही साथ देईना, कड्यावर ढग अडकून पडलेले पण खाली समुद्रालगतच्या उसाला पुरेसं पाणी नाही, ज्या डोंगराच्या जंगलाला आज आपण रेनफॉरेस्ट म्हणून तिकीट काढून बघतो त्याच्याच पायथ्याशी. १८७०च्या सुमाराला गिरणी बंद झाली.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा सांधा इथे आहे. गिरणी चालली असती तर तिथे मळे झाले असते, मजुरांच्या चाळी, रेल्वे, गाव, आणि शंभर वर्षांनी बंगले आणि हॉटेलं, हवाईत इतर ठिकाणी झालं तसं. ऊस फसला म्हणून गुरं आली. गुरांना कुरण लागतं, कुरणात कुणी इमारत बांधत नाही, आणि दरीचा तळ हिरवा, सपाट, विजेच्या खांबांशिवाय तसाच राहिला. मध्ये १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा आर्मीने जागा ताब्यात घेतली, विमानांसाठी धावपट्टी केली, डोंगराच्या पोटात काँक्रीटचे बंकर खोदले, युद्ध संपल्यावर जमीन परत दिली. त्यातल्या एका बंकरमध्ये आता सिनेमांच्या वस्तू आणि पोस्टर मांडलीयेत, आत गेल्यावर एकदम गार वाटतं आणि भिंतीची जाडी बघून पोटात गोळा येतो. नुसत्या गुरांवर एवढ्या जमिनीचा खर्च निघत नाही म्हणून १९८०च्या दशकात घोडेस्वारी, टूर वगैरे सुरू झालं.

ज्युरासिक पार्क तिथे आला तो तर वादळामुळे. शूटिंग मुळात शेजारच्या काउआई बेटावर चाललं होतं, ११ सप्टेंबर १९९२ ला इनिकी हे चक्रीवादळ त्या बेटावर थेट धडकलं, सगळं युनिट हॉटेलमध्ये अडकून बसलं, बेटाची दैना झाली. राहिलेला सीन, तो डायनासोरचा कळप धावत येतो आणि माणसं ओंडक्याआड लपतात तो, मग ओआहूला कुआलोआच्या काआआवा दरीत घेतला. आपल्याकडे तो पिक्चर १९९४ ला हिंदीत डब होऊन आला, थिएटरबाहेरच्या रांगा मला आठवतात, आणि त्या सीनला माझ्या धाकट्या भावाने माझा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठले होते. त्या दरीत खरं काय होतं तर गवत, डोंगर आणि एक ओंडका, कळप नंतर कॉम्प्युटरवर घातला. त्यानंतर तिथे लॉस्ट सिरियल झाली, २०१५ चा ज्युरासिक वर्ल्ड झाला, २०१७ चा किंग काँगचा पिक्चर झाला, त्याची मोठाली नकली हाडं अजून दाखवतात.

आणि जंगलाबद्दल एक सांगायलाच हवं. टूरमध्ये आपण ज्या दाट हिरव्या बोगद्यातून धडधडत जातो त्याला बघून वाटतं हे अनादी काळापासून असंच असेल, पण हवाईच्या खालच्या भागातल्या जंगलात बाहेरून आणलेली झाडं भरपूर, पेरू, आंबा, वड, सगळी गेल्या दोनेकशे वर्षांत आलेली. मूळची झाडं उरलीत ती जास्त करून उंचावर. पेरूचं झाड ओळखलं तेव्हा मला आधी आनंद झाला आणि मग कसंतरीच झालं, कारण त्या झाडाने दुसऱ्या कुणाची तरी जागा घेतलेली असणार.

आता आपल्याकडे येते. आरे दूध वसाहत १९४९ मध्ये सुरू झाली, शहरातले म्हशींचे गोठे बाहेर न्यायचे म्हणून, तीन हजारांहून जास्त एकर. तिथेही तेच, म्हशींना गवत लागतं म्हणून जागा मोकळी राहिली, बाजूला तुळशी आणि विहार तलाव, शहराला पाणी लागतं म्हणून त्यांच्याभोवतीचं रान राहिलं, विहार तर १८६० चा, म्हणजे जडच्या गिरणीच्या थोडा आधीचा. मोकळी, हिरवी आणि स्टुडिओपासून जवळ अशी जागा म्हटल्यावर कॅमेरे येणारच, कित्येक गाण्यांतलं 'काश्मीर' हे आरेतलं आहे. १९७७ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथेच चित्रनगरी काढली, पुढे २००१ मध्ये तिला दादासाहेब फाळक्यांचं नाव दिलं. फाळक्यांनी स्वतः आउटडोअर केलं होतं कर्जतच्या अलीकडे वांगणीला, त्यांच्या पहिल्या पिक्चरच्या वेळी, आणि तलवारी घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले. कुणाच्या तरी गावात आपण शूटिंगला आलोय ही जाणीव त्या प्रसंगाने त्यांना पहिल्याच दिवशी झाली असणार. आरेत आणि फिल्मसिटीच्या आसपास वारली पाडे आहेत, ते दूध वसाहतीच्या आधीचे. फिल्मसिटीची बस टूर होते तेव्हा देवळाचा सेट दाखवतात, कोर्टाचा दाखवतात, आणि पाडा रस्त्याच्या कडेने नुसता मागे पडतो, कुआलोआत ते मत्स्यतळं मागे पडतं तसा. माझी मनापासून इच्छा आहे की दोन्हीकडच्या गाइडनी त्या जागी गाडी दोन मिनिटं थांबवावी आणि तिथल्या कुणाला तरी बोलू द्यावं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, की टूर संपल्यावर लगेच होनोलुलूकडे वळू नका. हायवेला लागून, समुद्राच्या बाजूला नव्हे तर डोंगराच्या बाजूला, गिरणीचं पडकं बांधकाम आहे, दगडी चिमणी आणि भिंतीचे तुकडे, कुंपणाच्या आत. तिकीट नाही, फलक वाचायला पाच मिनिटं लागतात. लेकीने गाडी कडेला घेतली, मी उतरले तेव्हा वर कड्यावर ढग काळे झाले होते आणि खाली रस्ता कोरडा ठाक.